पॉइंट, स्विच, टर्नआउट की सांधा?

प्रश्न असा आहे: "मुलीसोबत आठ बाय चारच्या प्लायवर एचओ स्केलची छोटी रेल्वे बसवतोय. खोक्यावर पॉइंट लिहिलंय, अमेरिकन व्हिडिओत कधी स्विच म्हणतात कधी टर्नआउट, मराठीत काय म्हणायचं? आणि शार्प कर्व्ह म्हणजे मोठं वळण की छोटं?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथे वळवतात त्या रचनेला सांधा म्हणा. हा कुणी कोशासाठी मुद्दाम पाडलेला शब्द नाही, "गाडीने सांधा बदलला" असं आपल्याकडे बोललं जातं आणि सांधे बदलणारा माणूस तो सांधेवाला. २०२१ मध्ये वांगणी स्टेशनात मयूर शेळके यांनी रुळावर पडलेल्या मुलाला धावत जाऊन वाचवलं तेव्हा पॉइंट्समन हा शब्द घरोघरी पोचला, आणि मला तेव्हा मनापासून वाटलं की सोबत सांधेवालाही पोचायला हवा होता, कारण तो शब्द ऐकला की काम काय ते आपोआप कळतं.

आता इंग्रजीतला गोंधळ. ब्रिटिश लोक पॉइंट म्हणतात, अमेरिकन स्विच म्हणतात, आणि तिथले मॉडेलवाले बऱ्याचदा टर्नआउट वापरतात कारण लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, विजेची बटणं पण असतात, "स्विच मार" म्हटलं की रुळाचा का विजेचा हे कळायला हवं ना. आपल्या रेल्वेचे इंजिनिअर टर्नआउट म्हणतात ते अख्ख्या रचनेला, त्यातला निमुळत्या हलत्या रुळांचा भाग तेवढा स्विच, आणि पुढे एक रूळ दुसऱ्याला छेदतो ते क्रॉसिंग. मराठीत अख्ख्याला सांधा म्हणा, आणि घरात स्विच हा शब्द फक्त बटणासाठी ठेवा, मुलीला पण सोपं जाईल.

यात एक अडचण मात्र खरी आहे. दोन रूळ टोकाला टोक लावून फिशप्लेटने, म्हणजे लोखंडी पट्टीने, बांधतात त्या जागेलाही लोक सांधाच म्हणतात, आणि मॉडेलमध्ये तर दर तुकड्याला असा सांधा येणार. मी त्याला जोड म्हणतो. रूळ जिथे नुसते जुळतात तो जोड, गाडीची वाट जिथे बदलते तो सांधा. बोलीत हा फरक काटेकोर पाळला जातो असं नाही, पण प्लॅन काढताना पाळलात तर फायदा तुमचाच.

डावा सांधा, उजवा सांधा हे बिनधास्त वापरा. जिकडे एकच लाइन आहे तिकडे उभं राहून पुढे बघायचं, फाटा डावीकडे जात असेल तर डावा. फ्रॉग मात्र फ्रॉगच राहू द्या. सांध्यातला तो इंग्रजी व्ही सारखा भाग आहे, इंग्रजीत घोड्याच्या खुराच्या तळातल्या तशाच आकाराच्या मऊ भागालाही फ्रॉग म्हणतात, त्यामुळे बेडूक असं भाषांतर केलंत तर अर्थच हरवतो. विकत घेताना तो फ्रॉग प्लास्टिकचा आहे का धातूचा हे नक्की विचारा, चारच चाकांचं छोटं इंजिन हळू चालवलं की प्लास्टिकच्या फ्रॉगवर रुळातून मिळणारी वीज तुटून हमखास अडतं.

सांध्याचा नंबर पण मराठीत छान बसतो. अमेरिकन नंबर सहा म्हणजे सहा इंच पुढे गेल्यावर फाटा एक इंच बाजूला सरकतो, म्हणजे सहास एक. आपल्या रेल्वेत साडेआठास एक आणि बारास एक हे नेहमीचे सांधे, बोलताना ते वन इन ट्वेल्व्ह म्हणतात, पण घाटाचा चढ आपण सदतीसास एक सांगतोच की, तीच पद्धत इथे चालते. आकडा मोठा तितका सांधा लांब आणि गाडी तितकी अलगद जाते, जागा कमी म्हणून मॉडेलवाले चार नाहीतर सहावर भागवतात.

आता वळण. इथे "मोठं वळण" हा शब्द टाळाच असं माझं ठाम मत आहे. रेल्वेत वळण डिग्रीत मोजतात, डिग्री जितकी जास्त तितकं वळण तीव्र, मॉडेलवाले रेडियसमध्ये मोजतात आणि तिथे आकडा जितका जास्त तितकं वळण सौम्य, मग मोठं म्हणजे नक्की काय मोठं? तीव्र वळण आणि पसरट वळण म्हणा, नाहीतर सरळ रेडियसचा आकडा सांगा. भारतीय ब्रॉडगेजला १० डिग्रीपेक्षा तीव्र वळण चालत नाही, म्हणजे रेडियस १७५ मीटर. एचओ म्हणजे ८७ पट लहान, तर तेच वळण तुमच्या घरात दोन मीटर रेडियसचं होईल! सेटमध्ये मिळतं ते १८ इंची वळण, खऱ्या मापात जेमतेम ४० मीटरचं. तुमचा प्लाय ४८ इंच रुंद आहे, २२ इंची वळण घेतलंत तर रुळाच्या मध्यापासून काठापर्यंत दोन्हीकडे दोनच इंच उरतात, काठाला पट्टी ठोकायची असेल तर आत्ताच ठरवा. मॉडेलवाल्यांचा एक ठोकताळा आहे, रेडियस सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट हवा. एलएचबी डबा, म्हणजे आपल्या एक्सप्रेस गाड्यांचा नवा लांब डबा, एचओत साधारण २७ सेंटिमीटर भरतो, त्याची तिप्पट ८१, म्हणजे जवळपास ३२ इंच, हे तुमच्या प्लायवर मावणारच नाही. छोटं इंजिन, चारचाकी वाघिणी, आखूड डबे घ्या, बघायलाही तेच शोभून दिसतं.

आणि एस कर्व्हला आपल्याकडे आयता शब्द आहे, नागमोडी. डावं वळण संपलं की लगेच उजवं चालू झालं तर लांब डबे एकमेकांना बाजूला ओढतात आणि घसरतात. दोन समांतर लाइनी जोडायला समोरासमोर दोन सांधे बसवले की तिथे आपोआप नागमोडी तयार होते, म्हणून त्या जागी नंबर चार नको, सहाच घ्या. बाकी ठिकाणी मध्ये सरळ तुकडा टाका, निदान तुमच्या सगळ्यात लांब डब्याएवढा.