वाचक विचारतात : अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची क्लब सीट

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पेठा आणि तालमी. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हा खेळच निराळा. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं नाहीतर फेकायचा, पायाचं काम मोजकंच. पण मुलं तिकडे शिकायला गेली की आईवडिलांची एक फेरी होते आणि त्या फेरीत एखादा शनिवारचा सामनाही ठरतो. तिथली क्लब सीट म्हणजे पाठ आणि हात असलेली, मागे लाउंज असलेली महागडी खुर्ची. त्या निमित्ताने आलेले काही प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत एम.एस. करते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं आणि माझे मेहुणे-मेहुणी जाणार आहोत. क्लब सीटवर बसून सामना बघायचा विचार आहे. पण विद्यापीठाच्या साइटवर देणगी, पाच वर्षांचा करार असलं काहीबाही दिसतं. एका सामन्यासाठी एवढं करायचं? (राजारामपुरी)

अजिबात नाही. साइटवर दिसतं ते हंगामी ग्राहकासाठी आहे. विद्यापीठ क्लब सीट शक्यतो अख्ख्या हंगामासाठी विकतं. त्यात दोन रकमा असतात. एक तिकिटांची. दुसरी सीटमागे दरवर्षी द्यायची देणगी, आणि तीच बहुतेक वेळा मोठी असते. ती भरल्याशिवाय तिकीट विकत घ्यायचा हक्कच मिळत नाही. तुम्हाला एकच शनिवार हवा आहे, म्हणजे या वाटेला जायचं कारण नाही.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे विद्यापीठाची तिकीट खिडकी. न खपलेल्या क्लब सीट कधी कधी एकेका सामन्यासाठी सुट्या विकल्या जातात, म्हणून मुलीला फोन करून विचारायला सांगा. त्याच फोनमध्ये फॅमिली वीकेंड कधी आहे तेही विचारावं. पालकांसाठी असा एक शनिवार बरीच विद्यापीठं ठेवतात आणि त्याची तिकिटं वेगळी राखलेली असतात. दुसरा रस्ता पुनर्विक्रीचा : स्टबहब, सीटगीक, व्हिव्हिड सीट्स, किंवा विद्यापीठाने स्वतः नेमलेलं ॲप. ज्यांचा करार आहे पण त्या दिवशी जायचं नाही, ते लोक आपली सीट तिथे लावतात.

सामना कोणता निवडता यावर किंमत ठरते. हंगामात साधारण १२ सामने, त्यातले सहा ते आठ घरच्या मैदानावर. सुरुवातीच्या आठवड्यांत मोठं विद्यापीठ एखाद्या लहान विद्यापीठाला पैसे देऊन खेळायला बोलावतं. निकाल जवळपास ठरलेला, त्यामुळे करारवाले घरी बसतात आणि त्यांच्या सीट उतरत्या भावाने बाजारात येतात. लाउंज तेच, खुर्ची तीच, बँडही तोच. जुन्या वैऱ्याबरोबरचा सामना असेल तर हीच खुर्ची काही पटींनी चढते. ऑक्टोबरमध्ये बहुतेक सामने आपापल्या गटातल्या (कॉन्फरन्समधल्या) विद्यापीठांशी असतात, त्यामुळे त्यातला कमी गाजणारा प्रतिस्पर्धी शोधावा लागेल. सप्टेंबरमध्ये जाणं जमत असेल तर स्वस्त पडेल.

शनिवारी संध्याकाळचं विमान मात्र काढू नका. सामना किती वाजता सुरू होणार हे टीव्हीवाले ठरवतात आणि बऱ्याचदा १२ दिवस, कधी फक्त ६ दिवस आधी कळतं. सामना साडेतीन तास चालतो, आणि वीज चमकली तर पुढे जातो. मैदानापासून ८ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं मोजून मगच पुन्हा सुरू होतो.

पैसे भरताना आपलं कार्ड बहुतेक एकाच ठिकाणी अडकतं. तिथे बिलाच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड मागतात आणि आपला पिनकोड सहा आकडी. शिवाय खातं उघडायला कधी अमेरिकेतला मोबाइल नंबर लागतो. चारही तिकिटं मुलीच्या खात्यातून, तिच्या तिकडच्या कार्डावर काढावीत आणि हिशेब घरात मिटवावा. इथलंच कार्ड वापरायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा. परकीय चलनाचा अधिभार बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी वेगळा. खिडकी तिकडे इस्टर्न वेळेनुसार सकाळी १० ला उघडत असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, सेंट्रल वेळ असेल तर साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून दोन्हींत एक तास वाढवायचा.

मुलीला विद्यार्थी म्हणून मिळणारं तिकीट स्वस्त असतं, पण ते तिच्या ओळखपत्राशी बांधलेलं असतं. त्यावर तुम्हाला आत जाता येणार नाही आणि तिलाही त्यावर तुमच्याशेजारी क्लबात बसता येणार नाही. ती बरोबर हवी असेल तर पाच तिकिटं काढा.

प्रश्न : शाहू स्टेडियमवर आम्ही नेहमी मैदानाला खेटून जागा धरतो. तिथेही पुढचीच रांग घ्यावी का? (मंगळवार पेठ)

तिथे उलटं आहे. आपल्या फुटबॉलमध्ये खेळ वाहता असतो, त्यामुळे जवळून मजा येते. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक डाव काही सेकंदांचा असतो आणि डावाआधी दोन्हीकडचे अकरा-अकरा जण कसे उभे आहेत यातच निम्मा खेळ असतो. ते बघायला उंची लागते. शिवाय मैदानाच्या मधल्या भागात कडेला राखीव खेळाडू, प्रशिक्षक, मदतनीस मिळून शंभरावर माणसं उभी असतात. ५० यार्डाच्या, म्हणजे बरोबर मधल्या रेषेवर पहिल्या रांगेत बसलात तर पैसे देऊन त्यांच्या पाठी बघाल.

मैदान दोन्हीकडचे एंड झोन (टोकाचे, गुण मिळवायचे पट्टे) धरून १२० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ११० मीटर. रुंदी जेमतेम ४९ मीटर, आपल्या नेहमीच्या ६८ मीटरच्या मैदानापेक्षा बरंच अरुंद. त्यामुळे बाजूच्या स्टँडमध्ये थोडं उंच बसलं तरी पलीकडची कड लांब वाटत नाही. रेषांचे आकडे दोन्ही टोकांकडून मधल्या ५० पर्यंत चढत जातात, त्यातल्या दोन २० यार्डांच्या रेषांमधली जागा चांगली समजावी. बरोबर ५० च्या हट्टापायी जादा पैसे घालू नका, ३५ वर बसलं तरी फारसं काही हुकत नाही.

वरच्या मजल्याचा सज्जा डोक्यावर येत असेल तर क्लबाची सर्वात मागची रांग टाळा. पावसात ती बरी, पण उंच मारलेला चेंडू सज्जाआड जातो आणि मोठा पडदाही कधी अर्धाच दिसतो. ॲपमध्ये त्या विभागातून मैदान कसं दिसतं याचं चित्र असतं. ते त्याच रांगेचं असेल असं मात्र धरू नका.

आणि ऊन. बहुतेक मैदानं उत्तर-दक्षिण लांब असतात. पश्चिमेच्या स्टँडमध्ये ऊन पाठीशी राहतं आणि लवकर सावली येते. पूर्वेला बसणाऱ्याच्या डोळ्यांवर साडेतीनच्या सामन्यात सूर्य मावळेपर्यंत तिरीप असते. क्लब बऱ्याच ठिकाणी पश्चिमेलाच असतो, तरी नकाशावर उत्तर कुठे आहे ते बघून घ्या.

प्रश्न : आई ७० वर्षांची, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. क्लब सीट म्हणजे काचेच्या आत, एसीत बसणं ना? (शाहूपुरी)

इथेच लोक फसतात. काचेआडची बंद खोली म्हणजे स्वीट, आणि ती अख्खी भाड्याने घ्यायची असते. क्लब सीट बहुतेक ठिकाणी उघड्यावरच असते. तिच्या मागे आतल्या बाजूला थंड-गरम केलेलं लाउंज, टीव्ही, वेगळी स्वच्छतागृहं. बसून बघायचं ते बाहेरच. काही ठिकाणी आतल्या क्लब सीट असतात, पण तिकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. म्हणून सप्टेंबरात दक्षिणेकडे टोपी-गॉगल आणि नोव्हेंबरात उत्तरेकडे कानटोपी, हातमोजे, दोन पदरी मोजे लागणारच. छत्री आत नेऊ देत नाहीत, रेनकोट घ्या.

तरी आईंसाठी क्लब सीट घेण्यासारखी आहे. साध्या जागा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे बाक. माणशी सुमारे १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटर जागा आणि बऱ्याच ठिकाणी टेकायला पाठ नाही. थंडीत स्वेटर-जाकिटं घातलेले पाच जण चौघांच्या जागेत बसल्यासारखे होतात. क्लबात पाठ आणि हात असलेली खुर्ची मिळते, रुंदीला १९ ते २२ इंच. लिफ्ट असते, पण लिफ्टमधून उतरल्यावर आपल्या रांगेपर्यंत पायऱ्या असतातच आणि त्यांना सगळीकडे कठडा नसतो. लाउंजच्या दारातून बाहेर आल्याबरोबर लागते ती रांग मागा. पायऱ्या अजिबात जमत नसतील तर तिकीट खिडकीवर तसं सांगून सुगम्य जागा घ्या. व्हीलचेअरच्या जागेलगत, उपलब्ध असतील तर, सोबत्यांसाठी तीनपर्यंत जागा घेता येतात.

जेवण तिकिटात धरलेलं आहे की नुसती विकत घ्यायची सोय आहे, हे आधी विचारा. ‘क्लबात जेवणाची सोय’ या शब्दांत दोन्ही बसतं. पॉपकॉर्न, प्रेट्झेल, चीज पिझ्झा बहुधा मिळतं. नाचोजवर ‘चिली’ घालू का असं विचारलं तर नको म्हणावं. ती आपली मिरची नव्हे, बहुतेक वेळा गोमांसाचा रस्सा असतो. फ्राईज ज्या तेलात तळतात त्यात चिकन तळलेलं असू शकतं. मध्यंतर २० मिनिटांचं, तेव्हा लाउंजमध्ये झुंबड उडते आणि बाहेर विद्यापीठाचा बँड मैदानभर संचलन करत असतो. बँड चुकवून पिझ्झाच्या रांगेत उभं राहणं हा निव्वळ तोटा. खेळाच्या चार भागांपैकी (क्वार्टर) दुसरा निम्मा झाला की आत जाऊन खाऊन या.

प्रश्न : पुतण्या तिकडे नोकरीला आहे. तो आणि तीन मित्र मिळून दोन क्लब सीटचा पाच वर्षांचा करार करणार आहेत. ‘देणगी आहे, करात सूट मिळते’ असं तो म्हणतो. (गडहिंग्लज)

सूट मिळायची. अशा देणगीच्या ८० टक्के रक्कम वजावटीस पात्र धरत, ती तरतूद २०१७ च्या कायद्याने काढली. २०१८ पासून तिकिटाच्या हक्काला बांधलेल्या देणगीवर काही मिळत नाही. कुणी अजून सूट सांगून करार गळ्यात मारत असेल तर सावध व्हावं.

हिशेब कागदावर मांडा. समजा, सात सामन्यांची तिकिटं सीटमागे ५०० डॉलर, देणगीही सीटमागे १,५०० आणि पार्किंग दोन्ही सीट मिळून ३०० (हे आकडे फक्त उदाहरणासाठी). दोन सीटचे वर्षाला ४,३०० डॉलर, पाच वर्षांचे २१,५००. चौदा तिकिटांत भागलं तर एक तिकीट सुमारे ३०७ ला पडलं. आता तीन फिके सामने कुणाला नको आहेत, म्हणून ती सहा तिकिटं ९० ला विकली. आले ५४०. उरलेली आठ तिकिटं प्रत्येकी ४७० ला पडली. त्याच सीट बाजारात सुट्या ३५० ला मिळत असतील तर करार कशासाठी?

त्याला एक उत्तर आहे, गुण. देणगी आणि सलग वर्षं यांवर गुण साठतात आणि चांगल्या सीटची निवड, बाहेरगावच्या सामन्यांची तिकिटं, हंगामानंतरचे सामने यांत गुणांनुसार नंबर लागतो. २०२४ पासून प्लेऑफ (हंगामानंतरची विजेतेपदाची बाद फेरी) १२ संघांचा झाला आणि त्याच्या पहिल्या फेरीचे सामने विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर होतात. ते तिकीट हंगामी रकमेत सहसा नसतं, पण विकत घ्यायचा पहिला हक्क करारवाल्याला मिळतो. त्या गावात वीस वर्षं राहणार असेल त्याला हे मोलाचं. व्हिसावर असलेल्या, उद्या नोकरीपायी दुसऱ्या राज्यात जाऊ शकणाऱ्या मुलाला गुण काय कामाचे?

शिवाय हा करार म्हणजे भिशी नव्हे. भिशीत चौघांची नावं वहीत असतात. इथे खातं एकाच्या नावावर असतं, गुण त्याचे आणि थकबाकीही त्याचीच. सहीआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात : मध्येच सोडलं तर उरलेले हप्ते भरावे लागतील का, देणगी दरवर्षी वाढवता येते का, सीट दुसऱ्याच्या नावावर होते का, आणि स्टेडियमची दुरुस्ती निघाली तर हीच सीट परत मिळेल का. वाढीचा मुद्दा हल्ली जास्त बोचरा आहे. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एकेका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तो पैसा कुठून तरी उभा करावाच लागतो, आणि क्लबातली खुर्ची हाताशी आहे. आमचं मत विचाराल तर पुतण्याने दोन हंगाम सुटी तिकिटं घेऊन बघावीत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जण क्लबच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट निम्म्या किमतीत देतोय. घेऊ का? (कदमवाडी)

नको. तिकिटं आता मोबाइलवर असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यावरचा बारकोड सतत बदलतो किंवा फोन यंत्राजवळ धरून वाचला जातो. स्क्रीनशॉट दाराशी निरुपयोगी. खरं तिकीट ॲपमधून तुमच्या खात्यात ट्रान्सफर होतं. ते दिसल्यावरच पैसे द्या. मग लगेच ते फोनच्या वॉलेटमध्ये टाका, कारण लाखभर लोक जमले की दाराशी नेट चालत नाही. साइटवरून घेत असाल तर मे २०२५ पासून सक्तीच्या फीसह पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं तिकडे बंधनकारक आहे. शेवटच्या पानावर फी वाढली तर खरेदी तिथेच थांबवा.

प्रश्न : सोबत भडंग नेता येईल का? (उद्यमनगर)

स्टेडियमच्या आत बाहेरचं खाणं सहसा चालत नाही आणि क्लबाच्या दारावरही तपासणी सारखीच. पिशवी पारदर्शक हवी, १२ x ६ x १२ इंचांपर्यंत. बायकांची छोटी पर्स साधारण साडेचार बाय साडेसहा इंचांची चालते, त्याहून मोठी परत गाडीत ठेवून या म्हणतात. एकदा बाहेर पडलं की बहुतेक ठिकाणी पुन्हा आत घेत नाहीत. भडंग सामन्याआधी पार्किंगमध्ये काढा. गाडीची डिकी उघडून, शेगडी मांडून तिथे तासन्‌तास खाणंपिणं चालतं, त्याला टेलगेट म्हणतात. शेजारचे आपणहून प्लेट पुढे करतील, त्यांना भडंग देताना मिरचीची आधी कल्पना द्या.