ऑनलाइन डी अँड डीसाठी रोल२० घ्यावं की फाउंड्री?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, भूमिका घेऊन खेळायचा खेळ) ऑनलाइन खेळायचाय, पाच खेळाडू, एक जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) आणि त्यातल्या एकाकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, असं तुम्ही लिहिलंय. मग रोल२० की फाउंड्री (दोन्ही नकाशा, सोंगट्या आणि फासे पडद्यावर आणणारी टूल्स) हे नंतर बघू. आधी तो लॅपटॉप. सगळ्यात कमकुवत मशीन ज्याचं, त्याच्याकडे बघून टूल निवडायचं. आमच्या गटातला एक जीएम अजून म्हणतो की खेळाडूंनी मशीन बदलावं. साफ चूक.

त्याचाच एक नकाशा घ्या. ३० बाय ४० घरांचं (चौकोनांचं) तळघर, एका घराला १४० पिक्सेल, म्हणजे ४२०० बाय ५६०० चं चित्र. पीएनजी फाइल २० एमबीची. खेळ त्याच्याच मशीनवरून होस्ट होत होता आणि अपलोड ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ एमबी. पाच जणांना मिळून १०० एमबी जायचे, तर लढाई सुरू व्हायच्या आधी १०० सेकंद सगळे ताटकळत. मग त्याने ती वेबपी या जास्त दाबलेल्या प्रकारात बदलली, फाइल ३ एमबीवर आली, चौघांकडे नकाशा पटकन उघडला. पाचव्याच्या जुन्या लॅपटॉपवर पडदा काळाच. जीएम म्हणाला, ‘बघ, लॅपटॉपच गेलाय.’

लॅपटॉप ठीक होता. फाइल कितीही दाबा, चित्र मेमरीत उलगडलं की दर पिक्सेलला ४ बाइट लागतातच. ४२०० × ५६०० × ४ म्हणजे सुमारे ९४ एमबी, आणि ही नुसती पार्श्वभूमी. शिवाय काही जुन्या ग्राफिक्स चिपांची मर्यादा ४०९६ पिक्सेल असते, त्यापेक्षा मोठं चित्र त्या दाखवतच नाहीत. घराला ७० पिक्सेल केले की चित्र २१०० बाय २८००, मेमरी एक चतुर्थांश. तसं केल्यावर त्याच लॅपटॉपवर नकाशा उघडला. खूप झूम केलं नाही तर फरक कळतही नाही. (रोल२० चं मूळ घर ७० पिक्सेलचंच असतं, ते उगाच नाही.)

डायनॅमिक लायटिंगचंही (पात्राला जेवढं दिसेल तेवढाच नकाशा दाखवण्याचं) तेच. टोकन (पात्राची सोंगटी) हललं की त्याला काय दिसतं ते नव्याने मोजलं जातं. गुहेच्या प्रत्येक दगडाला वळसा घालत भिंती काढल्या तर शेकडो तुकडे होतात आणि प्रत्येक पावलाला मशीन अडखळतं. लांब, सरळ रेषा काढा.

आता तुमचा प्रश्न. रोल२० ब्राउझरमध्ये चालतं, होस्टिंगची कटकट नाही, पण डायनॅमिक लायटिंगसाठी वर्गणी भरावी लागते. फाउंड्रीचे पैसे एकदाच आणि फक्त जीएमने भरायचे. मात्र सर्व्हर तुमचा. बाहेरच्यांना तुमच्या मशीनपर्यंत येता यावं म्हणून राउटरवर ३०००० क्रमांकाचा पोर्ट उघडावा लागतो, आणि तुमचं मशीन बंद असेल तर खेळाडूंना स्वतःची कॅरेक्टर शीटही (पात्राच्या आकड्यांचा तक्ता) दिसत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटकडचा पत्ता) आणि बाहेरून दिसणारा आयपी वेगळे असले तर बहुधा तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग पोर्ट उघडून उपयोग नाही, टनेल (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जोडणी) किंवा भाड्याचं होस्टिंग लागेल. खेळाच्या दिवशी फाउंड्री अपडेट करू नका. मोठ्या आवृत्तीत मॉड्यूल (वरून जोडलेल्या सोयी) तुटतात, म्हणून आधी डेटा फोल्डरची प्रत काढून ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले तीन-चार सेशन आउलबेअर रोडिओवर (ब्राउझरमधलं साधं नकाशाचं टूल) नकाशा, डिस्कॉर्डवर आवाज आणि कॅरेक्टर शीट कागदावर, एवढ्यावरच काढले असते. त्यात नियमांचं गणित आपोआप होत नाही. नव्या खेळाडूंना ते हाताने करता आलंच पाहिजे, नाहीतर आर्मर क्लास (पात्राला वार लागणं किती अवघड, तो आकडा) कुठून आला हे वर्षभरानेही सांगता येत नाही. हेडफोन मात्र सगळ्यांना सक्तीचे करा, एकाचा स्पीकर चालू राहिला तर बाकी सगळ्यांना प्रतिध्वनी ऐकू येतो.

एक राहिलं. तुम्ही वरच्या पातळीच्या पात्रांचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) चालवणार असाल, दर लढाईत दहा-बारा शत्रू आणि जादू वगैरेचे डझनभर परिणाम सांभाळायचे असतील, तर माझा सल्ला सोडा आणि सरळ फाउंड्री घ्या. तेव्हाही नवा नकाशा आदल्या दिवशी त्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर उघडून बघा, तुमच्या मशीनवर नाही.