पाडव्याची वाट बघू नका

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय: "माझी भाची १६ वर्षं ८ महिन्यांची आहे, अकरावीला. बहीण आणि दाजी दसरा करून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले, पोरगी गावी आजीपाशी. तिला दिवस गेलेत. शेवटची पाळी दसऱ्यालाच आली होती. मुलगा गावातलाच, २० वर्षांचा, ती म्हणते आमचं प्रेम आहे. आजी म्हणते पाडव्याला आईबाप येतील मग लग्न लावून टाकू, तोवर गप बसा. तालुक्याला एक डॉक्टर ४० हजारात गुपचूप मोकळी करतो म्हणतोय. मी पुण्यात घरकाम करते. सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील का? सरकारची काही मदत मिळते का? कुणाकडे जाऊ?"

ताई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि दसऱ्यापासून आठवडे मोजा. महिने नाही, आठवडे. दवाखान्यात आणि कायद्यात सगळा हिशोब आठवड्यांचा असतो आणि तो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. महाशिवरात्र उलटली की २० आठवडे होतात आणि पाडव्याला २४. आता आजीच्या "पाडव्याला बघू"चा अर्थ काय होतो ते बघा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो, २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात, २०२१ च्या नव्या नियमांत अल्पवयीन मुलींना ही २४ पर्यंतची सवलत आहे, आणि त्याच्या पुढं गेलं की हायकोर्टाची पायरी. म्हणजे घरात सगळे गप बसून राहिले तर निर्णय तुम्ही घेणारच नाही, तो तारीखच घेऊन टाकेल. आजीचा राग करू नका, तिनं आयुष्यभर असंच निभावून नेलंय, पण तिचं ऐकूही नका.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलं. तुमच्या पत्रात आजीला काय हवंय ते आहे, डॉक्टरला काय हवंय ते आहे, तुमची काळजी तर ओळीओळीत आहे, पण पोरीला काय हवंय ते एका शब्दानं नाही. तिला विचारलंय का कुणी? एकटीला घेऊन बसा, आजी नको, मुलगा तर नकोच, आणि विचारा की हे तुझ्या मनानं झालं का, कुणी धमकावलं का, फोटो व्हिडिओ काही आहेत का, आणि तुला हे बाळ हवंय का. उत्तर आलं नाही तर गप बसून राहा, ओरडू नका, दुसऱ्या दिवशी परत विचारा. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गर्भपाताच्या निर्णयात तिचं स्वतःचं म्हणणं महत्त्वाचं, पालकांच्या आणि तिच्या मतात फरक असला तरी. त्यामुळं तुम्ही तिला ओढत नेऊ नका आणि अडवूही नका.

आता पोलीस. खोटा धीर देणार नाही. १८ च्या आतल्या मुलीची संमती पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, मानत नाही, प्रेम असो काही असो, आणि गरोदरपण असेल तर कलमं फार कडक लागतात, किमान २० वर्षांची शिक्षा सांगितलेली आहे. पोरीला बहुतेक हीच भीती असणार, तो जेलात जाईल ही, म्हणून ती तोंड उघडत नसेल. डॉक्टरला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधातून गरोदर राहिली आणि गर्भपातासाठी आली, आणि तिनं व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. खूप ठिकाणी हे माहीतच नसतं, म्हणून वकिलाकडून त्या निकालाची कॉपी घेऊन ठेवा आणि विनंती लेखी द्या. बाळ ठेवायचं ठरलं तर मात्र हा मार्ग नाही, तेव्हा गुन्हा नोंदवला जाईल हे धरून चाला. आणि जबरदस्ती झाली असेल तर लपवायचा प्रश्नच नाही. जबाब घ्यायला शक्यतो बाई अधिकारीच येते, साध्या कपड्यांत, पोरीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही आणि तिचं नाव छापणं गुन्हा आहे. हे सगळं मागून घ्यावं लागतं ताई, आपणहून कुणी देत नाही.

लग्न लावून प्रकरण मिटत नाही, उलट वाढतं. बालविवाह लावला म्हणून बहीण-दाजी, आजी, भटजी सगळे अडकतील, २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पॉक्सो तसाच राहतो, आणि पुढच्या सीझनला ती पोटुशी नाहीतर लेकरू पाठीला बांधून फडात कोयता धरून उभी असेल. तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, म्हणजे तुमची भाची काही गावाला कलंक लावणारी एकटी नाही, हे तिला सांगा.

त्या ४० हजारवाल्याकडं पाऊल टाकू नका. पावती नाही, केसपेपर नाही, रात्रीचं या, हे ज्या ठिकाणी सांगतात तिथं रक्तस्राव थांबला नाही तर ते तुम्हालाच रिक्षात बसवून जिल्ह्याला पिटाळतात. १७-१८ आठवड्यांच्या गर्भाचं काम आहे, रक्ताची पिशवी आणि भूलतज्ज्ञ असलेल्या जागीच व्हायला पाहिजे, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं.

मी बरीच वर्षं दवाखान्यात समाजसेविका होते. एक पोरगी आठवते, स्कार्फ डोळ्यापर्यंत बांधलेला, केसपेपरच्या खिडकीवर क्लार्कनं मोठ्यानं विचारलं "नवऱ्याचं नाव?" आणि मागची सगळी लाईन तिच्याकडं बघायला लागली. तिनं हातातल्या कागदाची घडी घालत घालत ती सुपारीएवढी केली आणि लाईनीतून निघून गेली. परत आली तेव्हा सातवा महिना होता. मी त्या दिवशी खिडकीपाशी नव्हते याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, तुम्ही तिच्या पुढं उभं राहा आणि नाव-वय हळू आवाजात तुम्ही सांगा. त्याआधी थेट आत जाऊन समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात ते विचारा, मोठ्या सरकारी दवाखान्यात हे पद असतं, एमएसडब्ल्यू म्हटलं तरी वॉर्डबॉय खोली दाखवेल. गावातल्या नजरा नको असतील तर पोरीला पुण्याला घेऊन या, जिल्हा बदलला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि पोलिसांचं पत्र आणा मग बघू असंही म्हणता येत नाही. सही पालकाची लागते. कायद्यात पालक म्हणजे जो तिचा सांभाळ करतो तो, पण दवाखाना आईच मागेल, म्हणून बहिणीला आजच फोन करा. मुकादमाची उचल आहे, फड सोडता येत नाही, मला कळतंय, पण चार दिवसांसाठी तरी एकटी बहीण आली पाहिजे.

मदतीचं विचारलंत. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावा, तिथून बाल कल्याण समितीपर्यंत पोचता येतं, ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. केस झाली तर समितीकडं सपोर्ट पर्सन मागा, दवाखाना, पोलीस, कोर्ट सगळीकडं सोबत येणारं माणूस, आणि जेवण, प्रवास, कपड्यांसाठी तातडीचे पैसेही समितीच्या शिफारशीवर मिळतात. फुकट वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, फोन १५१००. गुन्हा नोंदवला तर मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अत्याचार झालेल्यांना सरकारी पैशाची मदत देणाऱ्या योजनेचा, अर्ज पण तिथंच, त्यात १० लाखांपर्यंत मदत आहे, किती मिळेल ते केसवर. बाळ ठेवलं तर बाळंतपण, सिझर, औषधं, गाडी सगळं सरकारी दवाखान्यात मोफत, अंगणवाडीत नाव घातलं की आहार, आणि जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव लागतंच असं नाही, २०१५ लाच सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय. मातृवंदना या गरोदर बायांच्या सरकारी योजनेचे ५००० रुपये मात्र १८ खालच्या मुलीला मिळत नाहीत, आणि कुणी म्हणालं आधारवर वय वाढवून देतो तर त्याला दारातून हाकला, त्या एका खोट्यानं तिचं सगळं संरक्षण जातं. बाळ दत्तक द्यायचं तर फक्त समितीसमोर, विचार बदलायला ६० दिवस असतात, नर्स किंवा ओळखीचा जोडप्याचा पत्ता देत असेल तर तो धंदा आहे.

अकरावी बुडाली तरी बारावीला बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, कॉलेजला कारण सांगायची गरज नाही.

सोमवारी दवाखान्यात जाताना शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं सर्टिफिकेट न्या, वय त्यावर धरतात, आधारवर नाही. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. आणि डब्यात दोन भाकरी आणि भाजी घ्या, ओपीडीत दुपार होते, तिचं हिमोग्लोबिन बहुतेक कमी असणार, उपाशी उभी राहिली तर चक्कर येईल.