ओठावर पाण्याचे फोड आलेत, घरात १५ दिवसांचं बाळ आहे. किती दिवस जपायचं?

जळगावच्या मे महिन्याच्या उन्हात हे फोड अनेकांना उठतात आणि ‘उष्णता झाली’ म्हणून आपण सोडून देतो. ऊन फक्त निमित्त. आत दबा धरून बसलेला हर्पीस विषाणू त्यानं जागा होतो. ओठ चुरचुरू लागल्यापासून खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत, साधारण ८ ते १० दिवस, लागण होते. फोड फुटून पाणी झिरपतं ते दिवस सगळ्यात धोक्याचे.

बाळाची पापी अजिबात नको, हे नवजाताच्या जिवावर बेततं. मास्क लावा, घेण्याआधी साबणानं हात धुवा. आई असाल तर दूध पाजा, फक्त स्तनावर फोड नको. बाळ मलूल झालं, दूध ओढेना, अंगावर फोड दिसला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.