काही नाही गं, नंतर सांगते

"मॅडम, ती आता आमची राहिलीच नाही हो." समुपदेशक म्हणून कर्णबधिर मुलांच्या आयांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यापुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "त्या खुणा शिकली आणि बिघडली." मूल वयात येतं, त्याला स्वतःसारखे मित्र सापडतात, सांकेतिक भाषा येऊ लागते आणि घरात ते गप्प होतं. मग पालकांना वाटतं, खुणांनीच पोर तोडली.

अशाच एका घराबद्दल सांगते. तपशील बदललेत, मुलीला रेवा म्हणू.

रेवा १७ वर्षांची. तिसऱ्या वर्षापासून श्रवणयंत्र, स्पीच थेरपी आणि तिच्या आईचे अपार कष्ट. 'हातवारे करू दिलेत तर बोलणार नाही,' असं सगळ्यांनी बजावलेलं. शाळेत तर बाई हात बाकाखाली ठेवायला लावत. रेवा बोलायला शिकली, ओठ वाचायलाही शिकली. पुढे चित्रकलेच्या क्लासमध्ये तिला चार कर्णबधिर मित्रमैत्रिणी भेटल्या आणि तिचे रविवार तिकडचे झाले. एका भांडणात तिने वडिलांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'माझी फॅमिली ते आहेत. तुम्ही नाही.' तो मेसेज घेऊनच हे कुटुंब माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी मी सांकेतिक भाषेची दुभाषी बोलावली. आई दुखावली. "मला कळतं ना तिचं, मी सांगते की!" पण रेवाची तक्रार जिच्याबद्दल, तिनेच रेवाचा निरोप पोचवायचा, हे मला पटत नाही. माझ्या खोलीत प्रत्येकाला आपलं म्हणणं आपल्या भाषेत मांडता आलं पाहिजे, यावर मी आजही अडून बसते.

दोन भेटी वादातच गेल्या. तिसऱ्या भेटीला मी सगळ्यांना कागद दिले. "घरातलं रात्रीचं जेवण काढा." बाकीच्यांचं पाच मिनिटांत आटोपलं. रेवाला पाऊण तास लागला.

चित्रात आई, बाबा, भाऊ, आजी, सगळे होते. तोंडं उघडी, दात दिसताहेत, ताटंसुद्धा नीट काढलेली. पण कोणालाही हात नव्हते. बाह्या कोपराशीच संपत होत्या.

"आमचे हात कुठायत?" बाबांनी विचारलं.

रेवाचे हात हलू लागले, दुभाषी बोलू लागली. "तुमचे हात मला कधी दिसलेच नाहीत. तोंडं हलतात, सगळे हसतात. मी विचारते, काय झालं? आई म्हणते, काही नाही गं, नंतर सांगते. ते नंतर कधी येतच नाही."

तेवढ्यात आजी कागदावर वाकल्या. "अगं, माझे काढलेत की!"

खरंच होते. घाईत माझ्याही नजरेतून सुटले होते. भाकरी थापणारे दोन हात, मनगटावरचं गोंदण, डाव्या करंगळीचं वाकडं पेर. आजी गावाकडच्या, त्यांना हातवारे न करण्याचा तो नियम कुणी सांगितलाच नव्हता. भूक लागली का, तर तळहातावर तळहात थापायचा. बाबा चिडलेत, तर मिशीला पीळ द्यायचा. अशा कितीतरी खुणा नात आणि आजीने मिळून केल्या होत्या.

आई बराच वेळ त्या करंगळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चौदा वर्षं मी हिचे हात धरून ठेवले हो."

मी लगेच काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाईघाईने धीर देऊ नये, असं माझं मत आहे. नंतर मात्र तिला सांगितलं, की ही चूक तिच्या एकटीची नाही. १८८० साली मिलानला भरलेल्या परिषदेत शिक्षकांनीच ठरवलं होतं, की बधिर मुलांना फक्त तोंडी बोलण्यातून शिकवायचं. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मधली १३० वर्षं आया तेच ऐकत आल्या.

मी कोणा एका माणसावर इलाज करत नाही. दोन माणसांमध्ये काय चाललंय ते बघते. रेवा घर सोडून निघाली नव्हती. जिथे 'नंतर सांगते' म्हणत नाहीत, त्याला ती फॅमिली म्हणत होती. रक्ताचं नातं तिने नाकारलं नव्हतं, फक्त तेवढं तिला पुरत नव्हतं.

म्हणून पालकहो, खुणा आणि बोलणं एकमेकींच्या सवती नाहीत. श्रवणयंत्र असू द्या, थेरपी असू द्या, सोबत खुणाही शिका, आणि घरातल्या सगळ्यांनी शिका. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीच्या सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ-कोश केलाय, तो घरबसल्या पाहता येतो. मुलाच्या मित्रांना जेवायला बोलवा. बोलताना तोंडावर उजेड असू द्या. आणि सगळे हसले, तर का हसले ते त्याच क्षणी सांगा.

रेवाच्या घरी आता जेवण लांबतं. आपल्या सांकेतिक भाषेत बोटांनी अक्षरं करायला दोन्ही हात लागतात, म्हणजे घास खाली ठेवावाच लागतो. वरण गार होतं, अशी आजींची तक्रार आहे.

बधिर मंडळी आपल्या माणसाला खुणेचं नाव देतात. ते स्वतःहून घेता येत नाही, त्यांनीच द्यावं लागतं. शेवटच्या भेटीत आईने आपलं नाव मला करून दाखवलं, दोनदा. बाबांना अजून मिळालेलं नाही. ते रोज रात्री जेवताना रेवाच्या हातांकडे बघत असतात.