शवविच्छेदनातील रक्तात औषधाचे प्रमाण जास्त आढळले, तर गोळ्या जास्त घेतल्या असेच मानायचे का?

आपण लिहिले आहे की, आपले काका नैराश्यासाठी अनेक वर्षे अमिट्रिप्टिलीन घेत होते, त्यांचा झोपेत मृत्यू झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन झाले आणि हृदयातील रक्तात या औषधाचे प्रमाण लिटरला 0.6 मिलिग्रॅम असल्याचा अहवाल आला. उपचारातील प्रमाण साधारण 0.08 ते 0.2 मिलिग्रॅम असते असे कुणीतरी सांगितल्यामुळे नातेवाइकांत आता आत्महत्येची चर्चा सुरू झाली आहे. मी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात दीर्घकाळ विश्लेषक म्हणून काम केले आहे. केवळ या एका आकड्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

जिवंत माणसाच्या शरीरात अमिट्रिप्टिलीनचा फार थोडा भाग रक्तात असतो. हे औषध मेदस्नेही, म्हणजे चरबीत सहज मिसळणारे असल्यामुळे ते यकृत, फुप्फुसे, हृदयाचे स्नायू आणि मेंदू यांत साठून राहते. ते इतके की, शरीरातील सगळे औषध रक्तातल्याच प्रमाणात विरघळवायचे म्हटले तर शेकडो लिटर द्रव लागेल. मृत्यूनंतर पेशींना प्राणवायू मिळत नाही, त्यांच्यातील आम्लता वाढते, पेशींची आवरणे फुटू लागतात आणि आत धरून ठेवलेले औषध जवळच्या रक्तात परत उतरू लागते. हृदय हे फुप्फुसे आणि यकृत या दोन मोठ्या साठ्यांच्या मध्ये आहे, त्यामुळे तेथील रक्तात हे औषध मांडीच्या शिरेतील रक्ताच्या दोन-तीन पट किंवा त्याहूनही अधिक आढळू शकते. या घटनेला मरणोत्तर पुनर्वितरण म्हणतात. हृदयविकारात दिले जाणारे डिगॉक्सिनही असेच वागते. पॅरासिटामॉलसारख्या औषधात मात्र हा फरक सहसा फारसा पडत नाही.

म्हणून आपल्या काकांचा 0.6 हा आकडा नियमित डोस घेणाऱ्या माणसाच्या हृदयातील रक्तातही दिसू शकतो. शिवाय उपचाराची ती मर्यादा जिवंत रुग्णाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या सीरममध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवात मोजलेली असते, आणि त्यात अमिट्रिप्टिलीन व त्यापासून शरीरात तयार होणारे नॉरट्रिप्टिलीन यांची बेरीज धरलेली असते. मृतदेहातील रक्त फुटलेल्या पेशींसह अख्खेच तपासले जाते. दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना कितपत ग्राह्य धरायची, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

नमुना कसा घ्यावा याची पद्धत ठरलेली आहे. मांडीची शीर वरच्या बाजूला बांधून किंवा चिमट्याने बंद करून, पाय न दाबता, सुईने रक्त काढायचे आणि ते सोडियम फ्लोराइड व पोटॅशियम ऑक्झलेट असलेल्या नळीत भरून थंड ठेवायचे. पाय दाबून रक्त खाली ओढले, तर स्नायूंतील आणि वरच्या भागातील रक्त त्यात मिसळते. नळीच्या चिठ्ठीवर नुसते ‘रक्त’ असे लिहिलेले नमुने प्रयोगशाळेत येतात, तेव्हा विश्लेषक कितीही काटेकोर असला तरी त्याच्या आकड्याला अर्थ देणे अवघड होऊन बसते. रक्त कोठून काढले हे दोन शब्द चिठ्ठीवर असावेत, असा माझा कायमचा आग्रह राहिला आहे.

प्रयोगशाळेत आलेले हे रक्त बहुधा काळपट, घट्ट आणि गुठळ्यांचे असते. ते एकजीव करून त्यातला मोजका भाग घेतात आणि त्यात अमिट्रिप्टिलीनचेच, पण काही हायड्रोजन अणूंच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेले रूप ठरावीक मात्रेत मिसळतात, म्हणजे पुढच्या प्रक्रियेत जेवढे औषध वाया जाईल तेवढ्याच प्रमाणात हेही वाया जाते आणि हिशेब चुकत नाही. नंतर द्रव अल्कधर्मी करून औषध सेंद्रिय द्रावकात ओढून घेतात, द्रावक नायट्रोजनच्या झोताखाली उडवतात आणि उरलेला अंश यंत्रात घालतात. गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीमध्ये, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, अमिट्रिप्टिलीनची सर्वांत ठळक खूण 58 या वस्तुमानाला येते. पण इमिप्रामीन आणि डॉक्सेपिन या त्याच गटातील औषधांचीही ठळक खूण तेथेच येते, त्यामुळे तेवढ्यावर ओळख पटवता येत नाही. द्रव क्रोमॅटोग्राफीच्या दुहेरी यंत्रात 278 वस्तुमानाच्या आयनापासून (विद्युतभारित कणापासून) 233 चा तुकडा पडतो का, आणि तो योग्य वेळेला येतो का, हे पाहिल्यावर खात्री अधिक पक्की होते.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र इतर नमुन्यांत आहे. मांडीच्या रक्तातील प्रमाण काय, यकृतात किती औषध आहे, आणि नॉरट्रिप्टिलीन किती आहे, हे पाहावे लागते. रोजच्या सेवनात नॉरट्रिप्टिलीन भरपूर जमलेले असते. एकदम पुष्कळ गोळ्या घेऊन थोड्या वेळात मृत्यू आला, तर मूळ औषध त्याच्या कित्येक पट दिसते. जठरातील द्रवाचे एकूण मोजमापही महत्त्वाचे आहे: 200 मिलिलिटर द्रवात सगळे मिळून 8 मिलिग्रॅम औषध असेल, तर ते 25 मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकेही नाही, आणि एवढे औषध तर रक्तातून जठराच्या आम्लात परत झिरपूनही येऊ शकते. त्याउलट पांढऱ्या चुऱ्यासह शेकडो मिलिग्रॅम औषध सापडले, तर अतिसेवनाचा संशय रास्त ठरतो. काही माणसांच्या यकृतात हे औषध मुळातच सावकाश मोडते, आणि सोबत फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचेच दुसरे औषध चालू असेल तर अमिट्रिप्टिलीनची पातळी जिवंतपणीच वाढते. म्हणून इतर गोळ्यांची माहितीही लागते.

अहवालात अल्कोहोलचा उल्लेख असल्यास तोही जपून वाचावा. मृतदेह उष्ण हवेत राहिला तर जिवाणू रक्तातील साखरेपासून अल्कोहोल तयार करतात. त्याची शहानिशा डोळ्यातील द्रवावरून करता येते.

आता काय करावे ते सांगतो. आपल्याकडे व्हिसेराची, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या भागांची तपासणी पुष्कळदा कीटकनाशके आणि नेहमीची विषे डोळ्यांसमोर ठेवून होते, कारण ग्रामीण महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रकरणांत तीच जास्त असतात. म्हणून काकांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या आणि औषध दुकानाची बिले तपासी अंमलदारांकडे लेखी पोच घेऊन द्यावीत. शेवटच्या खरेदीपासून किती गोळ्या शिल्लक राहायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती उरल्या, हा साधा हिशेब कित्येकदा प्रयोगशाळेच्या आकड्याइतकाच बोलका असतो. त्यानंतर शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून रक्त फक्त हृदयातूनच घेतले होते का, हृदयाच्या धमन्यांत अडथळा होता का, आणि त्यांचा अंतिम अभिप्राय दिला गेला आहे की राखून ठेवला आहे, हे विचारावे. मांडीचे रक्त किंवा यकृत यांची मोजणी राहिली असेल, तर तशी विनंती पोलिसांमार्फत लवकर करावी, कारण प्रयोगशाळेत उरलेले नमुने कायमचे जपून ठेवले जात नाहीत.