अडचणीतल्या मोटार कंपन्या एकमेकींचा हात का धरतात?

होंडा आणि निसान या दोन जपानी कंपन्यांनी २३ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र येण्याचा इरादा जाहीर केला आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी, दोन महिने पुरते उलटायच्या आत, बोलणी थांबवली. तेव्हापासून मोटार उद्योगातील भागीदाऱ्यांविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली. मिळत्याजुळत्या प्रश्नांना खाली एकत्र उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: भागीदारी, विलीनीकरण आणि संयुक्त प्रकल्प हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांत नेमका फरक काय?

उत्तर: फरक मालकीचा आणि माघारीचा आहे. विलीनीकरणात दोन ताळेबंद एक होतात, एकच संचालक मंडळ उरते आणि परतीची वाट फार महाग पडते. डाइमलर आणि क्रायस्लर १९९८ मध्ये ‘बरोबरीचे विलीनीकरण’ अशी ग्वाही देऊन एकत्र आल्या. २००७ मध्ये क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा विकून डाइमलरला त्यातून बाहेर पडावे लागले. संयुक्त प्रकल्पात दोघी मिळून एखादा कारखाना किंवा एखादे इंजिन उभे करतात आणि बाकीचा संसार वेगळा राहतो. भागीदारी या दोहोंच्या मधली असते. कंपन्या स्वतंत्र राहतात, प्रसंगी एकमेकींचे काही समभाग घेतात आणि खरेदी, संशोधन, गाड्यांचे सांगाडे, इंजिने अशा ठरावीक गोष्टी वाटून घेतात. अडचणीतल्या कंपनीला हा मार्ग जवळचा वाटतो, कारण नाव, चिन्ह आणि अध्यक्षाची खुर्ची न सोडता मदत मिळते. माझ्या मते अनेक भागीदाऱ्यांचे दुखणेही तेथेच सुरू होते, कारण ज्या सवयींमुळे कंपनी गाळात गेली त्या सवयीही खुर्चीबरोबर जागच्या जागी राहतात.

प्रश्न: एक कंपनी तोट्यात आणि दुसरीही तोट्यात असेल, तर दोन शून्यांची बेरीज शून्यच होणार ना?

उत्तर: शंका रास्त आहे; पण बेरीज दर वेळी शून्य येत नाही. नव्या मोटारीचा सांगाडा, इंजिन, पत्र्याचे साचे आणि अपघात-चाचण्या यांचा खर्च पहिली गाडी कारखान्याबाहेर पडण्याआधीच झालेला असतो. तो एक लाख गाड्यांवर वाटायचा की चार लाख, यावर पुढचे सगळे गणित अवलंबून असते. टोयोटा आणि प्यूजो-सित्रोएन यांनी चेक प्रजासत्ताकातील कोलीन येथे उभारलेल्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. या दोन्ही कंपन्या तेव्हा संकटात नव्हत्या, पण हे गणित इतके उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. २००५ पासून तेथे एकाच जुळणी-रांगेवरून प्यूजो १०७, सित्रोएन सी१ आणि टोयोटा आयगो अशा तीन गाड्या निघत. शेजारी उभ्या केल्या की बंपर, दिवे आणि चिन्हे निराळी दिसत; बॉनेट उघडले की एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टोयोटाचेच पेट्रोल इंजिन समोर येई आणि मागे गेले की तिन्हींना तसेच अख्ख्या काचेचे दार असे. गिऱ्हाइकाला जे पहिल्या नजरेत दिसते ते वेगळे ठेवायचे आणि जे दिसत नाही ते एक करायचे, ही या धंद्यातील काटकसरीची मूळ रीत आहे.

दोन दुबळ्या कंपन्यांचा प्रश्न मात्र खर्चावर संपत नाही. एकीकडे जे नाही ते दुसरीकडे आहे का, हे पाहावे लागते. फेब्रुवारी २०१२ मध्ये जनरल मोटर्सने प्यूजो-सित्रोएनचा ७ टक्के हिस्सा घेतला आणि खरेदी व सांगाडे एकत्र करण्याचा करार झाला. जनरल मोटर्सची ओपेल ही कंपनी आणि प्यूजो या दोघी त्याच युरोपात, त्याच मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला, जवळजवळ तशाच गाड्या विकत होत्या. दोघींचे कारखाने निम्मेअधिक रिकामे चालत नसले तरी पुरेसे भरत नव्हते, आणि एकीने दुसरीला देण्यासारखी नवी बाजारपेठ तेथे नव्हती. प्यूजो-सित्रोएनला त्या वर्षी सुमारे ५ अब्ज युरोंचा तोटा झाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये जनरल मोटर्सने आपला हिस्सा विकून टाकला.

याच गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. २०१४ मध्ये फ्रेंच सरकार आणि चीनची डोंगफेंग यांनी भांडवल घालून प्यूजो-सित्रोएनला सावरले, आणि २०१७ मध्ये तिने ओपेल चक्क विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी, जवळपास दोन दशकांच्या तोट्यानंतर, ओपेल नफ्यात आली. कारखाने तेच होते, माणसेही बहुतेक तीच होती. भागीदारीत असताना कोणते इंजिन ठेवायचे आणि कोणते बंद करायचे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. मालकी एक झाल्यावर तो एका ठिकाणी आला.

प्रश्न: रेनॉ-निसान भागीदारीचे गोडवे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आणि तिच्या भांडणाच्या बातम्या वर्तमानपत्रात. मग तिला यश म्हणायचे की अपयश?

उत्तर: दोन्ही खरे आहे, फक्त काळ वेगळे आहेत. १९९९ च्या आरंभी निसानवर सुमारे २ लाख कोटी येनचे कर्ज होते. डाइमलर-क्रायस्लरने मार्चमध्ये बोलणी सोडल्यावर मदतीला यायला रेनॉशिवाय कोणी उरले नव्हते. रेनॉ स्वतः काही फार बलाढ्य नव्हती. १९९३ मध्ये व्होल्वोशी ठरलेले तिचे विलीनीकरण स्वीडनमधील भागधारकांच्या आणि व्यवस्थापकांच्या विरोधामुळे ऐन वेळी मोडले होते. त्या अनुभवातून रेनॉचे अध्यक्ष लुई श्वाइत्झर यांनी निसानसमोर विलीनीकरणाचा शब्दही काढला नाही. दोन्ही नावे, दोन्ही मुख्यालये राहतील असे सांगितले. २७ मार्च १९९९ रोजी करार झाला आणि रेनॉने सुमारे ५.४ अब्ज डॉलर मोजून ३६.८ टक्के हिस्सा घेतला.

निसानला सावरण्यासाठी रेनॉने पाठवलेले कार्लोस घोन टोकियोला आले तेव्हा त्यांनी सल्लागारांकडून योजना लिहून घेतली नाही. खरेदी, उत्पादन, संशोधन, विक्री अशा निरनिराळ्या खात्यांतील माणसे एकत्र बसवून त्यांनी नऊ गट केले आणि योजना त्या गटांकडून मागितली. फ्रेंच आणि जपानी माणसे आपापसांत इंग्रजीत बोलत, जी दोघांचीही भाषा नव्हती; म्हणून ‘वचनबद्धता’, ‘अधिकार’, ‘उद्दिष्ट’ अशा महत्त्वाच्या शब्दांचा नेमका अर्थ सांगणारा एक छोटा कोश कंपनीत तयार करण्यात आला. भागीदारीच्या अभ्यासकांनी आकड्यांच्या आधी हा कोश पाहावा असे मला वाटते, कारण वचन दिले म्हणजे काय केले यावर दोन्ही बाजूंचे एकमत नसेल तर पुढची प्रत्येक बैठक निष्फळ ठरते.

ऑक्टोबर १९९९ मध्ये जाहीर झालेली योजना कठोर होती. पाच कारखाने बंद, २१,००० नोकऱ्या कमी, १,१४५ पुरवठादारांऐवजी ६०० आणि खरेदीखर्चात २० टक्के कपात, असे तिचे स्वरूप होते. पुरवठादार कंपन्यांचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याची जपानी पद्धत मोडून तेही विकण्यात आले. १९९९ च्या आर्थिक वर्षातील ६८४ अब्ज येनच्या तोट्यावरून कंपनी पुढच्याच वर्षी ३३१ अब्ज येनच्या नफ्यावर आली. या काळाला यश म्हणायला मला कोणताही संकोच वाटत नाही.

पुढे मात्र परिस्थिती बदलली आणि करार बदलला नाही. रेनॉचा निसानमधील हिस्सा वाढून ४३.४ टक्क्यांवर स्थिरावला, तर निसानला रेनॉचे १५ टक्के मिळाले तेही मतदानाच्या हक्काविना. निसान गाड्यांच्या संख्येत आणि नफ्यात रेनॉच्या पुढे गेली तरी घरातले तिचे स्थान धाकटेच राहिले. त्यात २०१५ मध्ये फ्रेंच सरकारने रेनॉमधील आपला हिस्सा वाढवला आणि टोकियोतील संशय पक्का झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये घोन यांना अटक झाली आणि साचलेले सगळे बाहेर आले. समभागांचा तोल साधायला २०२३ उजाडले. तेव्हा दोघींनी एकमेकींत १५-१५ टक्के मतदानाचे हक्क ठेवण्याचे मान्य केले. हा बदल दहा वर्षे आधी झाला असता तर बरीच कटुता टळली असती, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न: होंडा आणि निसान यांचे मग कोठे बिनसले?

उत्तर: अधिकार आणि वेग या दोन मुद्द्यांवर. मूळ प्रस्ताव दोघींच्या वर एक नवी धारक कंपनी, म्हणजे दोघींचे समभाग जिच्याकडे असतील अशी कंपनी, स्थापण्याचा होता. निसानने नोव्हेंबर २०२४ मध्ये ९,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते, पण ती काटछाट होंडाला अपुरी आणि संथ वाटत होती. शेवटी निसानने उपकंपनी व्हावे असा प्रस्ताव होंडाने पुढे केला आणि निसानने तो नाकारला. रेनॉबरोबरची २० वर्षे ज्यांनी आतून पाहिली त्यांना पुन्हा धाकटेपण नको वाटले, हे मी समजू शकतो. पण नकारानंतरही काटछाट टळली नाही. मे २०२५ मध्ये तोच आकडा २०,००० नोकऱ्यांपर्यंत गेला आणि १७ कारखान्यांचे १० करण्याचे ठरले.

प्रश्न: करार मोडायचा झाला तर नुकसान कोणाचे होते?

उत्तर: करारात काय लिहिले आहे त्यावर ते ठरते. जनरल मोटर्सने २००० मध्ये फियाट ऑटोचा २० टक्के हिस्सा घेतला, तेव्हा उरलेली कंपनीही पुढे जनरल मोटर्सच्या गळ्यात घालण्याचा हक्क फियाटला मिळाला. पाच वर्षांत फियाट इतकी खालावली की ती विकत घ्यावी लागू नये म्हणून जनरल मोटर्सनेच फेब्रुवारी २००५ मध्ये १.५५ अब्ज युरो दिले आणि सुटका करून घेतली.

प्रश्न: माझे वडील मोटार कारखान्यात कामाला होते. अशा प्रत्येक बातमीत समभागांचे आकडे असतात, कामगारांचे काय होणार हे नसते. त्यांनी कराराकडे कसे पाहावे?

उत्तर: या पत्राने मला बराच वेळ थांबवले. निसानच्या यशाची गोष्ट सांगताना टोकियोजवळचा मुरायामा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, हे एका ओळीत उरकले जाते. ब्रिटनमध्ये रोव्हरची होंडाशी १९७९ पासून भागीदारी होती आणि रोव्हरच्या बहुतेक नव्या गाड्या होंडाच्या सांगाड्यावर उभ्या होत्या. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर घेतल्यावर होंडा निघून गेली, सहा वर्षांनी बीएमडब्ल्यूही गेली आणि एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिज येथील रोव्हर कारखान्यातल्या सुमारे ६,००० माणसांचे काम संपले. ज्ञान भाड्याचे असले की भाडेकरार संपताच हात रिकामे होतात, आणि ते हात आधी कामगारांचे असतात.

म्हणून करारात टक्केवारी शोधण्याआधी कोणते इंजिन, कोणती गाडी कोणत्या गावात बनणार हे लिहिले आहे का, ते पाहावे. २००९ मध्ये दिवाळखोरीतून निघालेल्या क्रायस्लरचा २० टक्के हिस्सा फियाटला रोख एक डॉलरही न देता, तंत्रज्ञानाच्या बदल्यात मिळाला. आणखी १५ टक्के तीन हप्त्यांत मिळायचे होते आणि कर्ज देणाऱ्या अमेरिकी सरकारने प्रत्येक हप्त्याला अट घातली होती. पहिली अट फियाटचे छोटे, कमी इंधन पिणारे इंजिन अमेरिकेच्या भूमीवर बनवण्याची होती. मिशिगन राज्यातील डंडी येथे त्या इंजिनाचे उत्पादन सुरू झाल्याचे जानेवारी २०११ मध्ये सरकारला कळवण्यात आले, आणि तेव्हा कोठे फियाटच्या नावावर पुढचे ५ टक्के चढले.